आधी बाराखडी की आधी शब्द?

पाटीपेन्सिल
काल एका पालकांच्या गटावर एक पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. बाई लिहितात, "मुलगी मोठ्या गटात आहे, अजून क ख ग क्रमाने म्हणता येत नाही. वर्गात खिडकीला 'खिडकी' आणि डब्याला 'डबा' अशा चिठ्ठ्या चिकटवतात, बास. आमच्याकडून पाटीवर बाराखडी घोटून घेतली, आम्ही शिकलोच ना?" खाली अंगठ्यांचा पाऊस.

शिकलातच. जे नाही शिकले ते पहिली-दुसरीतच गळाले, ते पोस्ट कुठून लिहिणार?

मी पंचवीस-सव्वीस वर्षं पहिलीचे वर्ग घेतले. घडाघडा बाराखडी म्हणणाऱ्या पोराला मधलंच 'कु' दाखवा. तो 'क, का, कि, की' करत बोटावर मोजत तिथवर येतो. ते पाठांतर झालं, वाचन नव्हे. 'ज जहाजाचा' म्हणून घेतलं की पुढच्या चित्रात जिराफ, त्याचा ज वेगळाच वाजतो. आणि 'ण बाणाचा'! ण ने सुरू होणारा शब्दच नाही, मग पोरं बाणातला 'बा' हाच ण धरून बसतात. म्हणून आधी ओळखीचा शब्द, मग त्यातलं अक्षर.

कृष्णाकाठ
बाई, तुमच्या अनुभवाला नमस्कार. पण हे चिठ्ठ्यांचं खूळ इंग्रजीवाल्यांचं. त्यांच्या स्पेलिंगचा भरवसा नाही, म्हणून ते अख्खा शब्द डोळ्यात भरून घेतात. आपण बरंचसं बोलतो तसंच लिहितो. कान्हा, मात्रा, वेलांटी एकदा हातात बसली की न पाहिलेला शब्दही वाचता येतो. ही सोय सोडून चिठ्ठ्या?

आमच्या नातवाच्या शाळेतही हेच चालतं. मी घरी 'खिडकी'ची चिठ्ठी गुपचूप दारावर नेऊन लावली. विचारलं, काय लिहिलंय? म्हणाला, "दार." घ्या.

पाटीपेन्सिल
आजोबा, प्रयोग फर्मास. नुसती चिकटवून सोडली तर असंच होणार, एवढं मान्य. चिठ्ठी लावणं ही सुरुवात. मग खिडकी, खडू, खाट, खोका शेजारी मांडून सारखं काय दिसतंय ते पोरांनी शोधायचं. मग चिठ्ठी कात्रीने कापायची आणि तुकडे पुन्हा जुळवायचे. तुमच्या नातवाच्या वर्गात पुढचं कुणी केलं नसेल, तर तो दोष चिठ्ठीचा नाही.

बे_एरियातली_आई
आमचा मुलगा दर रविवारी मराठीच्या वर्गाला जातो. त्याला पहिला शब्द लिहायचा होता 'बॅट'. तक्त्यावर ॅ नाहीच! अननस, ऐरण, औत, खटारा सगळं आहे. ऐरण मी स्वतः पाहिलेली नाही.

नदीपार
तक्ता जुना आहे, ताई. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने अॅ आणि ऑ वर्णमालेत घेतले. तेव्हापासून बाराखडीची चौदाखडी झाली.

कृष्णाकाठ
चौदाखडी! काय तो शब्द! दोन इंग्रजी स्वरांसाठी शेकडो वर्षांची बाराखडी मोडली. उद्या सोळाखडी करा.

रद्दीवाला
काका, तुमच्या बारामध्ये 'कः' बसतो. विसर्गाचे शब्द सांगा बरं, दुःख, स्वतः, प्रातःकाळ... सगळे संस्कृतातून आलेले. पाच वर्षांच्या पोराने 'खः गः घः' गिरवायचं आणि बॅट, बॉल, डॉक्टर यांना मात्र दारात उभं करायचं? की तुमचा नातू चेंडूफळी खेळतो?

कृष्णाकाठ
नातवापर्यंत जाऊ नका. भाषा टिकवायची तर कुठेतरी ताठ उभं राहावं लागतं. तुमच्यासारख्यांमुळेच मराठी शाळांना कुलपं लागतात.

रद्दीवाला
ॅ मुळे शाळेला कुलूप? वा! माझी दोन्ही मुलं मराठी माध्यमातली. आपला नातू कोणत्या माध्यमात, हे विचारलं तर चालेल का?

नदीपार
(तीन तास शांतता. म्हणजे कळलं.)

कृष्णाकाठ
सेमी-इंग्रजी. सुनेचा निर्णय. आणि मी जेवत होतो.

दुरेघी
चौदाखडीवरून उतरा आता. लिहिण्याबद्दल कुणी बोलेल का? आमच्या मुलीला चौथं नुकतं लागलं होतं, तर एका बालवाडीत रोज दुरेघी वहीत एक पान 'अ'. पेन्सिल मुठीत धरायची, बोटं लाल. शेवटी वही दिसली की पोट दुखायला लागायचं. अक्षरं गिरवण्याआधी हात तयार व्हायला हवा, एवढंही कळू नये?

पाटीपेन्सिल
अगदी. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर पानं, बिया, शिंपले घेऊन पोरांचे हात आणि डोळे तयार केले. वाळूत बोटाने काढू द्या, ओल्या खडूने फरशीवर काढू द्या. दुरेघीला घाई नाही.

नदीपार
आलं कोसबाड! मराठीत शिक्षणाची चर्चा कोसबाडला हात लावल्याशिवाय संपतच नाही.

बे_एरियातली_आई
वेलांटीचं काय करायचं पण? बोलताना 'प' आधी, 'इ' नंतर. लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. आमच्याकडे सामानाच्या यादीत 'पशिवी' आली. ऐकू आलं त्या क्रमाने लिहिलं त्याने. चूक म्हणताना माझीच जीभ अडखळली.

कृष्णाकाठ
इथेच घोटलेली बाराखडी कामाला येते. कि, खि, गि, घि, हातालाच सवय होते.

पाटीपेन्सिल
वेलांटीपुरतं खरं आहे. वेलांटीपुरतंच.

कृष्णाकाठ
आज ती चिठ्ठी कापली. तीन तुकडे. नातवाने आधी लावलं 'की ड खि'. मोठ्याने वाचलं आणि लोळून हसला. आजीला बोलावून दोनदा वाचून दाखवलं. मग न सांगता सरळ लावलं. 'खि' आणि 'की' बाराखडीतून येत होते म्हणून जमलं, हे लिहून ठेवा.

पाटीपेन्सिल
ठेवलं. दाराला आता 'दार'ची चिठ्ठी लावा, म्हणजे झालं.