मदत हवी आहे: गोठवलेला रुमेन द्रव पेंढ्यावर कमी का पडतो?

चारा किती पचतो हे प्रयोगशाळेत रुमेन द्रवात (गायीच्या पहिल्या पोटातला, जीवाणूंनी भरलेला द्रव) तपासतो. फिस्टुला केलेली (द्रव काढण्यासाठी पोटाला कायमचं छिद्र ठेवलेली) गाय महिन्यातून एकदाच मिळते, म्हणून हा द्रव गोठवून ठेवतोय. चार पदरी मलमलीतून गाळून, कार्बन डायऑक्साइडखाली नळ्यांत भरून, 5 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं रसायन) घालून उणे 20 अंशांवर. वितळवतो 39 अंशांच्या वॉटर बाथमध्ये.

ताज्या द्रवाशी ताडून पाहिलं, तर मक्याच्या पचनाचे आकडे जवळपास जुळतात. पेंढ्याचे मात्र 48 तासांनीही बरेच कमी येतात आणि वायूही उशिरा सुटतो. बफर तोच, ब्लँक (चारा न घातलेले नमुने) लावलेले आहेत. प्रोटोझोआ (द्रवातले एकपेशीय सूक्ष्मजीव) मरणार हे धरूनच चाललोय. चिंता आहे ती तंतू पचवणाऱ्या जीवाणूंची.

उणे 80चा फ्रीजर नाही, द्रव नायट्रोजन मिळेल. नळ्या थेट नायट्रोजनमध्येच साठवाव्यात, की वितळवल्यावर सेल्युलोज देऊन जीवाणूंना आधी जागं करावं? आणि किती तास?