मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये आरडाओरडा करणाऱ्या कोचला कसं आवरायचं?

प्रश्न (जर्सीकर_मावशी): न्यू जर्सीत आमच्या गावच्या लीगमध्ये १० वर्षांखालच्या मुलींच्या मॅचना मी अंपायर असते. कोच म्हणजे कुणाचे तरी बाबाच, हौसेने आलेले. त्यातले एक प्रत्येक बॉलवर डगआउटमधून (टीमच्या बसायच्या जागेतून) ओरडतात. शनिवारी तर थेट होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभी राहते तिथपर्यंत चालत आले. ३५ फुटांवरून पिच करणारी (बॉल टाकणारी) त्यांचीच लेक बॉल छातीशी धरून उभी, डोळे भरलेले. त्यांना बाहेर काढावं का?

प्लेटमागचा: ताई, बॉल-स्ट्राइक, म्हणजे पिच नीट टप्प्यात आला की नाही, हा अंपायरचा निर्णय, त्यावर प्रोटेस्ट (अधिकृत हरकत) चालत नाही. नियमच चुकीचा लावला असं वाटलं, तर हेड कोचने टाइम मागून विचारावं, तेही पुढचा पिच पडण्याआधी. हे मॅचआधी दोन्ही कोचना प्लेटपाशी सांगून ठेवा. मी इनिंग संपल्यावर बाजूला घेऊन हळू आवाजात बोलतो. चारचौघांत बोललं की माणूस इरेला पेटतो.

सॉफ्टबॉल_आई: पुष्कळांना नियमच ठाऊक नसतात हो! इन्फिल्ड फ्लायला (बेसवर धावपटू असताना ठरावीक वेळी आतल्या मैदानातच उंच उडालेला सोपा झेल) झेल सुटला तरी बॅटर आउट, हे आमच्या कोचना कुणी समजावलंच नव्हतं.

नाना_टेक्सास: समजावणं ठीक, पण पोर रडायला लागली तिथे माझा संयम संपतो. एक स्पष्ट ताकीद, पुन्हा केलं तर बाहेर. आणि त्याच रात्री लीगला कळवा: कितवी इनिंग, काय घडलं, त्यांचे नेमके शब्द.