वॉशिंग्टन करारातले ३५,००० टन नेमके कशाचे?

प्रश्न
नौदलांच्या जहाजांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन करारात युद्धनौकेला ३५,००० टनांची मर्यादा होती. त्यात इंधन धरायचे का? विमानवाहू नौकेची मर्यादा २७,००० असताना अमेरिकेच्या लेक्झिंग्टन आणि साराटोगा ३६,००० टनांच्या कशा? आणि जपानी जहाजे वरून जड झाली, त्याचे मूळ या आणि नंतरच्या लंडन करारातच का?

दर्यावर्दी
इंधन धरायचे नाही. खलाशी, यंत्रे, दारूगोळा, शिधा, पिण्याचे पाणी असे सगळे चढवून निघायला तयार असलेले जहाज, त्यातून इंधन आणि बॉयलरचे राखीव पाणी वजा. टन २,२४० पौंडांचा, म्हणजे १,०१६ किलोचा. इंधन मोजले असते, तर लांब पल्ल्याचे जहाज बांधणाऱ्याला तोफा किंवा चिलखत कमी करावे लागले असते.

लेक्झिंग्टनचे उत्तर नवव्या कलमात आहे. एकूण टनांची मर्यादा पाळून प्रत्येक देशाला ३३,००० टनांपर्यंतच्या दोन विमानवाहू नौका बांधता येत होत्या. त्यासाठी मोडीत निघणारे सांगाडेही वापरता येत. वरचे ३,००० टन दुसऱ्याच तरतुदीतून आले. जुन्या जहाजांना पाणबुडी आणि विमानांपासून बचावासाठी तेवढी भर घालायची मुभा होती, ती अमेरिकेने इथे लावली. अधिकृत यादीत मात्र आकडा ३३,०००च राहिला.

डेकवरून
जपानबद्दल: हो, पण सगळा दोष करारांचा नाही. कमी टनांत जास्त तोफा बसवण्याचा हट्ट नौदलाचाच होता.

र्युजो पाहा. १०,००० टनांखालची विमानवाहू नौका वॉशिंग्टनच्या हिशेबात येत नव्हती, म्हणून ती छोटी आखली. १९३० च्या लंडन कराराने ती पळवाट बुजवली. मग विमाने वाढवायला बांधकाम चालू असतानाच विमाने ठेवायचा दुसरा मजला (हँगर) चढवला. रुंदी तीच, उंची वाढली, गुरुत्वमध्य वर सरकला.

लंडन करारात ६०० टनांपर्यंतच्या लढाऊ नौका मर्यादेतून मोकळ्या होत्या. तोमोझुरू त्याच मापाची टॉर्पेडो बोट, तिच्यावर विनाशिकेच्या जातीच्या १२७ मिमीच्या तीन तोफा. मार्च १९३४ मध्ये जपानच्या सासेबो बंदराजवळ वादळात ती उलटली. त्यानंतर नौदलाने इतर जहाजांचे स्थैर्यही तपासले. तिच्या वर्गातल्या बोटींवर १२० मिमीच्या तोफा आल्या, टॉर्पेडोच्या नळ्या कमी झाल्या, तळाशी भार वाढवला. र्युजोलाही गोदीत नेऊन भार आणि बाजूचे फुगवटे द्यावे लागले.

मोगामी या क्रूझरचे दुखणे वेगळे. जाहीर वजन ८,५०० टन, तोफा १५५ मिमीच्या पंधरा. वजन वाचवायला वेल्डिंगचा सढळ वापर केला आणि चाचण्यांत जोड उसवले.

नकाशावाला
तपासणीचे कलम करारात नव्हतेच. कील (जहाजाचा तळाचा कणा) ठेवल्याची तारीख, टन, लांबी, रुंदी आणि जहाज पाण्यात सरासरी किती खोल बसते ते एकमेकांना कळवायची, बस्स. दुसऱ्याच्या गोदीत जाऊन मोजायचा हक्क कुणालाच नव्हता. खोली किती बसते हे जहाज पाण्यात उतरल्यावर दुरूनही दिसते, पण टाक्यांत किती तेल आहे हे ठाऊक नसेल तर त्यावरून खरे वजन काढता येत नाही. पळवाटा बहुतेक इथूनच निघाल्या.