उपग्रह सांगतो मासळी कुठे आहे; पण पडते कुणाच्या जाळ्यात?

दर्याकिनारी (धागाकर्ता)
चांद्रयान-३ उतरल्यापासून एक वाद जिथे जाल तिथे ऐकू येतो: ६१५ कोटी चंद्रावर घालवण्यापेक्षा इथले रस्ते का नाही केले? त्यावर समर्थक उदाहरण देतात की न चिकटणाऱ्या तव्यावरचं टेफ्लॉन अवकाश मोहिमांमुळेच मिळालं. अहो, टेफ्लॉन १९३८ सालचं, तेव्हा नासाचा पत्ताही नव्हता. असले लंगडे दाखले हवेत कशाला? आपल्या कोकण किनाऱ्यावर धडधडीत उदाहरण आहे.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांसाठी 'संभाव्य मासेमारी क्षेत्र' जाहीर करते, मराठीतसुद्धा. उपग्रहाला मासे दिसत नाहीत. तो मोजतो पाण्याचं तापमान आणि रंग. गार आणि कोमट पाणी जिथे भिडतं तिथे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतं आणि पाण्याला हिरवट झाक येते. प्लवकामागे तारली-बांगडा, त्यांच्यामागे सुरमई. तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या म्होरक्याच्या, हाती पडतं ते एवढंच: अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या मीटर खोलीत. शोधाशोधीचं डिझेल वाचतं, आणि फेरीच्या खर्चात डिझेल किती असतं ते रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कुणालाही विचारा. इस्रोवरचा पैसा इथे वसूल होतो, असं माझं मत.

रापणकर
वसूल होतो, पण कुणाचा? सल्ला सगळ्यांना एकच. ज्याचं इंजिन मोठं तो आधी पोचतो. आमची छोटी होडी जाईपर्यंत पर्ससीनवाला (मोठ्या गोल जाळ्याची यांत्रिक नौका) घेर मारून मोकळा. प्रखर दिव्यांनी मासे ओढणाऱ्या एलईडी मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तरी रात्री समुद्रात दिवाळी असते. मासळी आधीच कमी, त्यात तिचा पत्ता छापून वाटताय. पावसाळ्यात ढगांमुळे तुमच्या उपग्रहाला दिसत नाही, तेवढीच त्या बिचाऱ्या माशांना सुट्टी!

ताळेबंद
माझा आक्षेप वेगळा. इन्कॉइस इस्रोची नाही, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची आहे. उपग्रह इस्रोचे, मान्य, आणि समुद्र न्याहाळणारा ओशनसॅट हवाच. पण त्याचं पुण्य चांद्रयानाच्या खात्यात जमा करू नका. चंद्राचा मच्छीमाराला काय उपयोग, ते एकदा सरळ सांगा.

दर्याकिनारी
प्रक्षेपक एकच ना? चांद्रयान-१ (२००८) आणि ओशनसॅट-२ (२००९) दोन्ही इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरच गेले. शिवाय नुसते हवामानाचे उपग्रह सोडत बसलो तर हुशार पोरं इस्रोत टिकतील का?

ताळेबंद
ओशनसॅट-१ त्याच पीएसएलव्हीवरून १९९९ मध्येच गेला होता. चांद्रयानाच्या नऊ वर्षं आधी. म्हणजे चंद्राशिवाय काही अडत नव्हतं. तुमचा दाखला तुमच्यावरच उलटला, राव. पोरं टिकण्याचा मुद्दा बरा आहे, पण तो तर अंदाज झाला.

वारावादळ
मासळीवरच किती वेळ अडकणार? ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या फायलिनमध्ये हा आकडा पन्नासच्या आसपास राहिला, कारण वादळ येण्याआधी लाखो लोकांना हलवलं होतं. भर समुद्रातलं वादळ जमिनीवरच्या रडारच्या टप्प्यात येण्याआधी उपग्रहालाच दिसतं. दर अर्ध्या तासाला चित्र येतं, त्यावरून वादळाची वाट कळते.

रापणकर
आणि निवारे कुणी बांधले, गावोगाव फिरून लोकांना बाहेर कुणी काढलं? ते श्रेय ओडिशाच्या प्रशासनाचं. २०१३ चीच गोष्ट सांगता, मग २०१७ चं ओखी चक्रीवादळ का विसरता? केरळ-तमिळनाडूच्या नौका खोल समुद्रात होत्या. तिथे मोबाइलला रेंज नाही. इशारा द्यायचा कुणाला?

वारावादळ
श्रेय दोघांचं. हलवायचं कधी आणि कुठून, हे कळल्याशिवाय प्रशासन तरी काय करणार? ओखीबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं. इशारा समुद्रात पोचवायची सोय नव्हती म्हणूनच पुढे नौकांवर उपग्रहातून संदेश देणारी यंत्रं आली. आता नौकेचा ठावठिकाणा कळवणारे ट्रान्सपॉन्डरही बसतायत.

रापणकर
ट्रान्सपॉन्डर म्हणजे आमची होडी कुठे आहे ते साहेबाला बसल्या जागी दिसणार. चोरी करणारा ते बंद ठेवणार आणि सरळ माणूस चालू. नियम कुणाला लागतो ते समजा.

वारावादळ
बंद ठेवला तरी एलईडीचा उजेड लपत नाही. अमेरिकेच्या सुओमी एनपीपी उपग्रहावरच्या उपकरणाला रात्री नौकांचे दिवे दिसतात. इंडोनेशिया-फिलिपिन्समध्ये ही माहिती वापरलीही गेली आहे. आपल्याकडे हे का मागत नाही कुणी?

ताळेबंद
बघा, आणि हेही चंद्रावर न जाता.

रापणकर
दिवे आम्हाला किनाऱ्यावरूनही दिसतात, त्याला उपग्रह नको. आमच्या सांगण्याला पुरावा कुणी मानत नाही, हा खरा घोळ. तारीख, वेळ आणि ठिकाणासकट चित्र मिळणार असेल तर आमची मच्छीमार सोसायटी उद्या अर्ज करायला तयार आहे. मत्स्य विभागाकडे करायचा की इन्कॉइसकडे, तेवढं सांगा.