विट्गेनस्टाइनवरील चर्चासत्रात निबंधवाचन ठेवावे की संहितावाचन?

मंगळवारपेठकर:
आमचा आठ जणांचा गट दीड वर्षापासून दर रविवारी सकाळी तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनस्टाइन यांचे 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' हे पुस्तक वाचत आहे. पहिल्या भागातील ६९३ परिच्छेदांपैकी जेमतेम शंभर झाले आहेत. दिवाळीनंतर कोल्हापुरातच एक दिवसाचे चर्चासत्र घेण्याचा विचार आहे. मात्र मागे मी अशाच एका चर्चासत्रास गेलो होतो, तेव्हा दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रास्ताविक यांतच जेवणाची वेळ झाली आणि उरलेल्या वेळात एकवीस निबंध उरकण्यात आले. एका बाईंनी चार मिनिटांत घंटा वाजल्यावर हातातल्या कागदांची शांतपणे घडी घातली आणि त्या खाली बसल्या. त्यांचा मुद्दा काय होता, हे कोणीही विचारले नाही. हे टाळायचे असेल तर निबंध मागवावेत की नाही?

राजारामपुरीचा वाचक:
निबंध मागवू नयेत, असे माझे मत आहे. ऑस्ट्रियातील किर्शबेर्ग येथे १९७६ पासून सामान्यतः दर ऑगस्टमध्ये विट्गेनस्टाइन यांच्यावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरतो आणि तिथे निबंध वाचले जातात, हे खरे. परंतु तो अनेक दिवस चालतो. जागेची निवडही लक्षात घेण्यासारखी आहे, कारण १९२० ते १९२६ या काळात विट्गेनस्टाइन त्याच परिसरातील खेड्यांत प्राथमिक शाळेचे शिक्षक होते. तुमच्या हाती एकच दिवस आहे. त्यात दहा परिच्छेद मोठ्याने वाचून त्यांवर बोलणे झाले, तरी पुष्कळ झाले.

एक प्राध्यापक:
वरील मताशी मी सहमत नाही. निबंध नसतील तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नसेल तर महाविद्यालयीन शिक्षकांना रजा मिळणे कठीण, ही वस्तुस्थिती आहे. शिवाय लिहायला बसल्याशिवाय आपल्याला नेमके काय कळलेले नाही, हे कळत नाही. तोंडी चर्चेत धीट माणूस बोलत राहतो आणि विचारी माणूस गप्प बसतो. चारच निबंध घ्या, ते पंधरा दिवस आधी सर्वांना पाठवा आणि सभागृहात वाचू नका. तिथे फक्त प्रश्नोत्तरे होऊ द्या.

निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ:
दोन्ही गोष्टी जमतील, पण संहितेचा भाग लहान हवा. ६५ ते ७१ हे परिच्छेद घ्यावेत. पटावरचे, पत्त्यांचे, चेंडूचे अशा सर्व खेळांत समान असे एकच लक्षण सापडत नाही, नुसती एकमेकांत गुंतलेली साम्ये दिसतात, हा तेथील विचार आहे. त्याला कुलसाम्य म्हणता येईल. कोल्हापूरकरांना तो समजावण्यासाठी 'तालीम' हा शब्द पुरेसा आहे. कुस्तीचा तांबड्या मातीचा हौदा म्हणजे तालीम, पेठेतले मंडळ म्हणजेही तालीम, शाहू स्टेडियमवर उतरणारा फुटबॉल संघ तालमीचा आणि नाटकाच्या सरावालाही तालीमच. या सर्वांत एकच धागा शोधू गेल्यास तो हाती लागत नाही, तरी कोणाचाही गोंधळ होत नाही. (नाटकाच्या तालमीबद्दल 'तो निराळाच शब्द' असा आक्षेप येईल, तो येऊ द्यावा, कारण खरी चर्चा तिथूनच सुरू होईल.)

सत्कारांविषयी एवढेच सांगतो, की खुद्द विट्गेनस्टाइन यांना विद्वानांच्या बैठका फारशा मानवत नसत. व्हिएन्नातील तत्त्वज्ञांना त्यांच्या 'ट्रॅक्टेटस' या आधीच्या ग्रंथावर चर्चा करायची असे आणि हे कधीकधी त्यांच्याकडे पाठ करून रवींद्रनाथ टागोरांच्या कविता वाचत बसत.

मंगळवारपेठकर:
सर्वांचा आभारी आहे. चार निबंध आधी पाठवायचे आणि दुपारी ६५ ते ७१ वाचायचे, असे गटापुढे मांडतो. 'तालीम' या शब्दावर आमच्या वकील मित्राने आताच आक्षेप घेतला आहे. त्याचे म्हणणे असे, की मंडळ आणि फुटबॉल संघ यांची नावे हौद्यावरूनच पडली असल्याने येथे साम्य नसून केवळ इतिहास आहे. त्याला चार पानांत लिहून देण्यास सांगितले आहे. पहिला निबंध त्याचाच राहील.