प्रति: ओंब्या लवकर आल्या की उत्पादन वाढते का?

लवकर निसवलेला, म्हणजे ओंब्या लवकर बाहेर पडलेला गहू जास्त पिकतो, असे तुम्ही मूळ पोस्टमध्ये म्हटले आहे. मला ते अर्धेच पटते. पीक उन्हाच्या तडाख्यातून सुटते, हे खरे. पण ही घाई नेमकी कुठल्या अवस्थेत झाली, ते आधी बघायला हवे.

कांडी धरायला लागलेले, म्हणजे खोडाची पेरे लांबू लागलेले एक रोप उपटून खोड ब्लेडने उभे चिरा. आत जेमतेम काही मिलिमीटरची ओंबी दिसेल. तिच्यावर कणिशिका (फुलांचे छोटे झुबके) किती, हे तेव्हाच ठरून गेलेले असते! एकेका कणिशिकेत आठ-दहा फुलांची सुरुवात होते, पण दाणे भरतात साधारण दोन ते चार. बाकीची फुले बहुतेक पोटरीच्या (ओंबी बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात फुगते त्या अवस्थेच्या) आसपास मरतात, कारण त्याच वेळी खोडही झपाट्याने वाढत असते आणि अन्न दोघांत वाटले जाते. म्हणून माझ्या मते कांडी ते फुलोरा हाच काळ सर्वांत मोलाचा. तो उष्णतेने आखडला किंवा पाण्याचा ताण बसला, तर दाण्यांची संख्या घटते, आणि नंतर कितीही पाणी-खत दिले तरी ती वाढत नाही.

फुलोऱ्यानंतर प्रश्न मुख्यतः वजनाचा. दाणा दाबल्यावर पांढरा चीक येतो, त्या दिवसांत तापमान ३० अंशांच्या वर राहिले तर भरण्याचा काळ कमी होतो. भरण्याचा वेग थोडा वाढतो, पण नुकसान भरून निघत नाही, दाणा सुरकुततो.

तुमच्याकडे कांडी धरल्याची आणि फुलोऱ्याची तारीख नोंदलेली आहे का? असेल तर जरूर द्या.