चौकटच्या राजाच्या खेळातील शेवटचा नियम: पळवाट की गरज?

वाटसरू

(रहस्यभेद आहे. दुसरे पर्व पाहिले नसल्यास पुढे वाचू नये.)

‘अ‍ॅलिस इन बॉर्डरलँड’ या जपानी मालिकेच्या डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वात पत्त्यांतील गुलाम, राणी आणि राजा यांचे जीवघेणे खेळ आहेत. त्यांपैकी चिशिया हा खेळाडू ज्यात उतरतो तो चौकटच्या राजाचा खेळ मला सर्वांत जास्त भावला. पाच खेळाडूंनी ० ते १०० मधील एकेक संख्या निवडायची, सर्वांच्या सरासरीला ०.८ ने गुणायचे, आणि येणाऱ्या उत्तराच्या सर्वांत जवळ असणारा ती फेरी जिंकणार. बाकीच्यांचा एकेक गुण जातो आणि उणे १० गुण झाले की अंगावर आम्ल ओतले जाते.

प्रत्येक मृत्यूनंतर एक नवा नियम जोडला जातो. दोघेच उरल्यावरचा नियम असा, की एकाने ० निवडल्यास १०० निवडणारा जिंकतो. इतका वेळ काटेकोर हिशेबावर चाललेला खेळ ऐन शेवटी असा उलटा का फिरवला असावा? चिशियाला वाचवण्यासाठी लेखकाने ठेवलेली ही पळवाट आहे, असे मला वाटले. जाणकारांनी मत द्यावे.

अंकमोड

पळवाट मुळीच नाही. तो नियम नसता तर खेळ संपलाच नसता, किंवा दोघांच्याही मृत्यूने संपला असता.

दोन खेळाडूंच्या संख्यांची बेरीज घ्या. लक्ष्य त्या बेरजेच्या ०.४ पट येते, तर दोघांचा मध्यबिंदू ०.५ पट असतो. म्हणजे लक्ष्य नेहमीच मध्यबिंदूच्या खाली राहते, आणि लहान संख्या निवडणारा न चुकता जिंकतो. मग दोघेही ० च निवडणार. परंतु समान संख्या बाद ठरवणारा नियम आधीच लागू झालेला असल्यामुळे प्रत्येक फेरीत दोघांचाही गुण जात राहणार.

१०० चा नियम आल्यावर मात्र ० ला १०० हरवते, १०० ला १ हरवतो आणि १ ला ० हरवते. म्हणजे हा दगड-कागद-कात्रीचाच खेळ झाला, आणि समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखल्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही. खेळाचे ‘सौंदर्यस्पर्धा’ हे नावही अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ मध्ये दिलेल्या उदाहरणाशी जुळणारे आहे: शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे, पण बक्षीस मात्र ज्याची निवड सर्वांच्या सरासरी पसंतीच्या सर्वांत जवळ जाईल त्याला.

सायंतारा

वरील गणित पटले, पण माझ्या मते त्या नियमाचे खरे मोल पुढच्या प्रसंगात आहे. आपण १०० निवडत आहोत, हे चिशिया कुझुर्यूला, म्हणजे चौकटच्या राजाला, उघडपणे दाखवतो. त्या क्षणी खेळातील अनिश्चितता संपते. कुझुर्यूने १ ते ९९ पैकी काहीही निवडले तर चिशिया मरणार आणि ० निवडले तर तो स्वतः मरणार, एवढेच शिल्लक राहते.

हा कुझुर्यू पहिल्या पर्वात ‘बीच’ या खेळाडूंच्या तळावरच्या प्रमुखांत वावरणारा, फारसे न बोलणारा माणूस आहे. वकिली करताना माणसांच्या जिवाची किंमत कमीजास्त लावली जाते हे पाहून तो आतून खचलेला आहे, म्हणूनच सर्वांना समान नियम असलेला खेळ त्याने उभारला. आता कोणाचा जीव मोलाचा, हे त्याला एकट्याला ठरवावे लागते, आणि तो ठरवण्यास नकार देऊन ० निवडतो. चिशिया डॉक्टर आहे आणि त्यानेही हाच भेदभाव रुग्णालयात पाहिला आहे, त्यामुळे कुठे बोट ठेवायचे हे त्याला नेमके कळते. हिशेबाने सुरू झालेला खेळ तत्त्वाच्या प्रश्नावर आणून ठेवणे ही लेखकाची मोठी कामगिरी आहे, आणि हा प्रसंग पाहताना मी खरोखर हेलावून गेले.

रानवारा

नियमाबद्दल दोघांशीही सहमत आहे. माझी तक्रार वेळेच्या वाटपाबद्दल आहे. इस्पिकच्या राजाच्या गोळीबाराला हे पर्व पुन्हा पुन्हा जागा देते. त्या धावपळीने डोळे दिपतात, पण विचाराला फारसे काही मिळत नाही. चौकटच्या खेळातील मधल्या फेऱ्या मात्र भराभर उरकल्या आहेत. नवा नियम जाहीर झाल्यावर खेळाडूंनी आपली संख्या का बदलली, हे प्रेक्षकाला स्वतः ताडून पाहण्याइतकी उसंत मिळायला हवी होती. हरो आसो यांच्या मूळ मांगामध्ये (जपानी चित्रकथेमध्ये) वाचक हव्या त्या पानावर थांबू शकतो, त्यामुळे वाटसरू यांना ज्या ठिकाणी अडखळल्यासारखे झाले तो भाग त्यांनी तिथे जरूर वाचावा.